हिवाळ्यातला सहा पायांचा पाहुणा

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. वाईत थंडी पडू लागली की आमच्या घरात एक ठरलेले काम निघते. माजघरातली मोठी लोखंडी पेटी उघडायची, आतल्या रजया-गोधड्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, पेटी पुढे ओढून मागची वर्षाची धूळ झाडायची आणि पेटी परत जागेवर सरकवायची. त्या रविवारी आम्ही घाईत होतो. दोघांनी दोन बाजूंनी जोर लावून पेटी भिंतीकडे रेटली, तोच धाकटा ओरडला, "अब्बा, थांबा! कोणीतरी चेंगरलं!"

पेटी मागे ओढली. भिंतीवर मातकट रंगाचा एक चपटा कोळी चिकटून बसला होता. पाय पसरलेले धरले तर दोन-अडीच इंचांचा. डाव्या बाजूचे मागचे दोन पाय पेटीच्या कडेखाली राहिले होते आणि ते अजून हलत होते. जिथून पाय तुटले तिथे पाण्यासारखा एक थेंब आला होता. कोळी पळायला निघाला, वाकडा झाला आणि जमिनीवर पडला.

आमचा पहिला हात चपलेकडे गेला, हे कबूल केले पाहिजे. कोळ्याची भीती आम्हा दोघांनाही लहानपणापासून आहे. पण दारात तसबीह घेऊन बसलेल्या दादींनी, म्हणजे मुलांच्या आजीने, तिथूनच आवाज दिला, "अरे, पायही तुम्हीच तोडले, आता जीवही तुम्हीच घेता का?"

चप्पल खाली ठेवली. नऊ वर्षांचा धाकटा आमच्या तोंडाकडे बघत उभा होता. आपल्या आई-वडिलांच्या हातून चूक झाली आहे, आता ते पुढे काय करतात, हे तो पाहत होता. पुढचे साडेतीन महिने आम्ही जे केले ते बरेचसे त्या नजरेपोटी केले.

चप्पल की बरणी?

स्टीलचा रिकामा डबा कोळ्यावर पालथा घातला, खालून वहीचा पुठ्ठा सरकवला आणि डबा पुठ्ठ्यासकट उचलला. हात थरथरत होते. नंतर पाच लिटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीत त्याला सोडले आणि तोंडाला मलमलीचा तुकडा रबराने बांधला.

दादींच्या बोलण्यामागे एक गोष्ट होती. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकली आहे. हिजरतच्या प्रवासात आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) सौर डोंगरातल्या गुहेत थांबले होते. पाठलाग करणारे गुहेच्या तोंडाशी आले, तिथे कोळ्याचे जाळे दिसले, आत कोणी गेले नसणार असे समजून ते मागे फिरले. म्हणून कोळ्याला मारायचे नाही, असे दादींच्या माहेरी सर्वजण मानत.

अकरावी सायन्सला असलेल्या आमच्या मोठ्या मुलीने विचारले, "दादी, हे कुरआनात आहे का?" रात्री आम्ही बसून पाहिले. सूरह तौबामध्ये गुहेचा प्रसंग आहे, परंतु तिथे कोळ्याचा उल्लेख नाही. कोळ्याची गोष्ट काही रिवायतींमधून येते आणि तिच्या सनदीविषयी विद्वानांचे एकमत नाही. दादींना हे भीतभीतच सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, नसेल. मग पाय तुटलेल्याला मारा, असं कुठं लिहिलंय तेवढं दाखवा."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

कुरआनात कोळी आहे तो दुसऱ्या ठिकाणी. एकोणतिसाव्या सूरहचे नावच अल-अन्कबूत, म्हणजे कोळी. अल्लाहला सोडून इतरांचा आधार शोधणाऱ्यांना तिथे कोळ्याची उपमा दिली आहे: त्याचे घर सगळ्या घरांत कमकुवत. धाकट्याने ते ऐकून लगेच विचारले, "मग याचं घर कुठंय? पेटीमागे जाळं तर नव्हतंच."

प्रश्न बरोबर होता. उत्तर तालुक्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडून मिळाले.

पाहुण्याची ओळख

मोठीने मोबाइलवर काढलेला फोटो पाहून सर म्हणाले, हा शिकारी कोळी. इंग्रजीत याला हंट्समन म्हणतात आणि शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. १७६७ साली लिनियसने या जातीचे वर्णन केले. नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच शिकार करणारी. उष्ण प्रदेशांत जगभर ही जात आढळते आणि माणसाच्या घरात, गोदामात, गोठ्यात तिचा मुक्काम असतो. भक्ष्य पकडण्यासाठी हा कोळी जाळे विणतच नाही. दिवसा फटीत चपटा होऊन बसतो, रात्री बाहेर पडतो आणि झुरळे, रातकिडे, पाखरे धावून पकडतो. त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात, म्हणून पेटी आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत तो सहज मावतो.

म्हणजे आमच्या घरातली झुरळे इतकी वर्षे कोण खात होते, याचा हिशोब लागला.

विषाबद्दल आम्ही सर्वांत आधी विचारले. सर म्हणाले, बहुतेक सगळ्याच कोळ्यांत थोडेफार विष असते, ते किड्यांसाठी. हा कोळी आपण होऊन माणसावर धावत नाही. हातात दाबून धरला तर चावू शकतो, दुखते, थोडी सूज येते, पण निरोगी माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. तरीही उघड्या हाताने धरायचा नाही. त्यात आपल्यापेक्षा त्याचेच नुकसान अधिक, कारण तो उंचावरून पडला तर मऊ पोट फुटू शकते.

मग दादींनी त्यांची शंका काढली. कोळी अंगावरून गेला की रात्रीत फोड उठतात, त्याचे काय? सर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की असे जळजळणारे फोड पुष्कळदा एका चिमुकल्या काळ्या-नारिंगी किड्यामुळे येतात. पावसाळ्यात तो दिव्याभोवती येतो आणि झोपेत अंगाखाली चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. कधी ती नागीणही असते. दोन्हींसाठी डॉक्टरांकडे जायला हवे. आपण मात्र कोळ्यावर आळ घेऊन मोकळे होतो आणि औषधाला उशीर करतो.

मुख्य प्रश्न राहिला होता. याला ठेवायचा की सोडायचा?

"धडधाकट असता तर आत्ता सोडा म्हणालो असतो," सर म्हणाले. "जंगली जीव घरात कोंडण्याचं कारण नसतं. थंडी आहे म्हणून दया येऊन कोळी आत आणू नका, त्याची थंडी तो काढतो. सहा पायांवरही कोळी जगतात. पण याचे एकाच बाजूचे दोन गेलेत, भिंतीवरून घसरतोय आणि थंडीत किडेही कमी. हा अजून पूर्ण वाढलेला दिसत नाही. वाढ बाकी असेल तर तो कात टाकील, आणि कात टाकताना पाय परत येऊ शकतात. पूर्ण वाढला असेल तर मात्र येणार नाहीत. वाट पाहायची तयारी असेल तर हिवाळाभर ठेवा."

नर की मादी हे सरांनाही फोटोवरून सांगता आले नाही. धाकटा त्याला नुसते 'पाहुणा' म्हणू लागला आणि तेच नाव राहिले.

पोट तुमच्याकडे लागलं

ठेवायचे ठरले त्या रात्री ईशानंतर दादींनी सगळ्यांना बसवले. म्हणाल्या, "ठेवा, माझी ना नाही. पण मांजरीची हदीस ठाऊक आहे ना?"

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली ती हदीस आपल्या परिचयाची आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-मकोडे खाऊन जगायला मोकळेही सोडले नाही. मांजर मेले आणि त्या स्त्रीला त्यापायी शिक्षा झाली. दादी म्हणाल्या, "मोकळा होता तोवर त्याची रोजी अल्लाह पोचवत होता. आता झाकण तुम्ही लावलंत. त्याचं पोट तुमच्याकडे लागलं. विसरलो म्हणायचं नाही."

दुसऱ्या बाजूला लहान मुलांनी जीव पाळण्याचे एक गोड उदाहरणही आपल्याकडे आहे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका छोट्या पक्ष्याशी खेळत असे. तो पक्षी मेला तेव्हा मूल उदास होऊन बसले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या लहानग्याकडे त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. एवढ्या मोठ्या जबाबदाऱ्या खांद्यावर असताना एका मुलाच्या चिमणीएवढ्या दुःखासाठी त्यांनी वेळ काढला, ही गोष्ट धाकट्याला फार आवडली. आम्हाला मात्र त्या रात्री मांजरच आठवत राहिले.

बरणीची व्यवस्था आम्ही सरांना विचारून केली. कोणाच्या घरी असाच जखमी जीव आला तर उपयोग व्हावा म्हणून ती थोडक्यात सांगतो.

बरणी उभी आणि उंच हवी, कारण हा कोळी भिंतीवर राहणारा आहे. आत आंब्याच्या सालीचा एक लांब तुकडा तिरका टेकवून ठेवला. त्याच्या मागे लपायला जागा झाली आणि कात टाकताना लटकायलाही. तळाशी कोरडी माती बोटभर. पाण्यासाठी बाटलीचे झाकण आणि त्यात दोन-चार खडे, म्हणजे तो बुडणार नाही. आठवड्यातून दोनदा बरणीच्या एकाच बाजूला पाण्याचे बारीक तुषार मारायचे, दुसरी बाजू कोरडी ठेवायची. सगळी बरणी ओली केली तर बुरशी येते.

जागा ठरवायला वेळ लागला. खिडकीत ऊन येते, तिथे बंद बरणी तापते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. शेवटी माजघरातल्या फळीवर ठेवली. डिसेंबरात पारा दहा-बारा अंशांवर उतरू लागला तेव्हा दादींनी आपली जुनी शाल बरणीभोवती गुंडाळायला दिली. तोंड उघडे ठेवून रात्री शाल, सकाळी काढायची. बरणीच्या आसपास मच्छरची कॉइल लावायची नाही आणि झुरळांचा स्प्रे मारायचा नाही, हा नियम मोठीने फळीवर लिहून चिकटवला.

मगरिबनंतरची शिकार

सर्वांत अवघड काम होते ते खाण्याचे. पाहुण्याला जिवंत, हलणारे भक्ष्य हवे. मेलेल्या किड्याकडे तो बघतही नसे. आणि थंडीत किडे कुठे?

आमच्या घरी झुरळे शोधण्याची वेळ येईल असे कधी वाटले नव्हते. मोरीजवळची झुरळे वापरायची नाहीत, असे सरांनी बजावले होते, कारण तिथे कधीतरी औषध मारलेले असते आणि औषध खाल्लेले झुरळ खाल्ले की कोळीही मरतो. मग धाकटा मगरिबच्या नमाजहून परतला की परसदारच्या ट्यूबलाइटखाली पेला घेऊन उभा राही. एखादे पाखरू, कधी जळणाच्या ढिगाऱ्यातला रातकिडा. शेजारच्या चाचींनी एकदा विचारले, "पोरगं रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून का उभं असतं?" सांगितल्यावर त्यांनी त्यांच्या गोठ्यातून दोन रातकिडे डबीत घालून पाठवले. त्यानंतर गल्लीतली तीन-चार मुले या कामात सामील झाली.

भक्ष्य पाहुण्याच्या धडापेक्षा मोठे नसावे, एवढे पाहायचे. पाच-सहा दिवसांतून एकदा एक किडा पुरे. थंडीत कोळ्याच्या शरीराचे काम मंदावते, भूकही कमी होते. पोट भरलेला कोळी काही आठवडेही उपाशी राहू शकतो. पाण्याचे मात्र तसे नाही. झाकणातले पाणी रोज बदलायचे.

पहिली शिकार आम्ही सर्वांनी पाहिली. पाखरू सालीवर बसले. पाहुणा दोन मिनिटे दगडासारखा. मग काय झाले ते डोळ्यांना दिसलेच नाही. पाखरू त्याच्या तोंडात होते. सहा पायांवर, घसरत, पण पकडले होते. कोळी चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेले शोषून घेतो. सकाळी तळाशी उरली होती ती पंखांची चिमूटभर गोळी. दादी चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, "बिस्मिल्लाह म्हणालं नसेल, पण जेवला पोटभर."

या दिवसांत मोठीने कोळ्याविषयी जे वाचले ते ती जेवताना सांगे. २०२२ साली जगातल्या ज्ञात कोळ्यांच्या जातींची संख्या ५०,००० च्या पुढे गेली. कोळ्याचे रक्त आपल्यासारखे लाल नसते. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबे, त्यामुळे ते फिकट निळसर. पेटीवर दिसलेला तो थेंब रक्ताचा होता, हे तेव्हा कळले. आणि सर्वांत नवल म्हणजे कोळ्याच्या पायातले मुख्य सांधे वाकवायला स्नायू आहेत, पण सरळ करायला नाहीत. पाय सरळ होतो तो आत भरलेल्या रक्ताच्या दाबाने. म्हणूनच मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात. पाय अडकला तर कोळी ठरावीक सांध्यावरच तो तोडून टाकतो आणि तिथली जखम लवकर आवळून बंद होते, नाहीतर रक्त जाऊन तो मेला असता.

"म्हणजे आपण तोडले नाहीत, त्यानंच तोडले?" धाकट्याने विचारले.

आम्हाला हो म्हणण्याचा मोह झाला. पण मोठीनेच उत्तर दिले, "पेटी कोणी रेटली? त्यानं जीव वाचवला, एवढंच."

फजरच्या वेळी

जानेवारी लागला आणि पाहुण्याने खाणे सोडले. रंग मळकट झाला, अंगावर धूळ बसल्यासारखा. सालीच्या मागून तो बाहेर येईना. टाकलेला रातकिडा त्याच्या पायावरून चालत गेला तरी हलेना. धाकटा रडकुंडीला आला.

सरांनी फोनवर सांगितले, हे कात टाकण्याचे लक्षण असू शकते. आता एकच करायचे, काही करायचे नाही. बरणी हलवायची नाही, तुषार थोडे मारायचे, आणि जिवंत किडा आत असेल तर काढून घ्यायचा. कात टाकताना कोळी अगदी दुबळा असतो. नवी कातडी लोण्यासारखी मऊ असते, विषाचे दातसुद्धा मऊ. अशा वेळी एरवीचे भक्ष्यच त्याला कुरतडू शकते.

त्या संध्याकाळी धाकटा दोनदा म्हणाला, "अब्बा, रातकिडा काढायचाय." एकदा आम्ही पाहुण्यांना चहा देत होतो. दुसऱ्यांदा म्हणालो, "सकाळी काढू." आणि झोपलो.

फजरसाठी उठलो तेव्हा मोठी अभ्यासाला आधीच उठली होती. तिने हलक्या आवाजात हाक मारली. बॅटरीच्या उजेडात पाहिले, पाहुणा सालीच्या टोकाखाली उलटा लटकत होता. पाठीचा पुढचा भाग डबीच्या झाकणासारखा उघडला होता आणि आतून पांढुरके, ओलसर अंग हळूहळू बाहेर येत होते. सगळे पाय जुन्या कातडीत अडकलेले. आणि त्याच्या बरोबर खाली, चार बोटांवर, मिशा हलवत रातकिडा बसला होता.

आमच्या हातून दुसऱ्यांदा चूक झाली होती. पहिली अजाणता होती. ही तशी नव्हती, आम्हाला दोनदा आठवण करून दिली होती.

वजूचे पाणी अजून हातावर होते. बरणीला धक्का लागला तर तो पडणार, मलमल उघडली नाही तर रातकिडा चढणार. मोठीने तिच्या डिसेक्शन बॉक्समधला लांब चिमटा आणला. आम्ही दोघांनी बरणी दोन्ही हातांनी गच्च धरली. तिने रबर एका बाजूने वर केले, चिमटा बरणीला न लावावा तसा जपून आत घातला, रातकिड्याचा मागचा पाय पकडला आणि एका दमात बाहेर काढला. रबर परत बसले. पाहुणा हलकासा झुलला आणि स्थिर झाला.

नमाज पढून परत आलो तेव्हा धाकटा रजई गुंडाळून फळीसमोर स्टुलावर बसला होता. आम्ही त्याला सांगितले, "काल तू बरोबर होतास. आम्ही ऐकायला हवं होतं." तो काही बोलला नाही, फक्त सरकून आम्हाला जागा करून दिली.

तासाभराने शेवटचे पाय मोकळे झाले. पाहुणा आपल्याच कातेशेजारी लटकला होता, इतका फिका की आरपार दिसेल असे वाटावे. धाकटा पुटपुटत मोजू लागला. मग त्याने पुन्हा मोजले. डावीकडे मागच्या बाजूला दोन नवे पाय होते. बाकीच्यांपेक्षा आखूड, बारीक, काड्यांसारखे. पण होते.

"कातेला सहा, त्याला आठ!"

दादी पलंगावरून उठून आल्या होत्या. त्यांनी बघितले, "सुब्हानअल्लाह" म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसून परत बघितले.

निरोप

पुढचे आठ दिवस आम्ही खायला काही दिले नाही, फक्त पाणी. दात आणि कातडी टणक व्हायला वेळ लागतो. रंग हळूहळू भरला. नवव्या दिवशी टाकलेले पाखरू त्याने मिनिटभरात पकडले. आता तो बरणीच्या गुळगुळीत भिंतीवर सरळ चढत होता. नवे पाय तोकडेच राहिले. पुढच्या वेळी कात टाकताना ते आणखी लांब होतील, असे सर म्हणाले.

फेब्रुवारीत दुपारचे ऊन तापू लागले. रमजान जवळ आला होता आणि घरात साफसफाई सुरू झाली. आम्ही म्हणालो, आता पाहुण्याला सोडायचे. धाकट्याने पेला खाली आपटला. "बाहेर त्याला पाल खाईल. इथं तो सुरक्षित आहे."

खरे तर त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. बाहेर पाल होती, मांजर होते, चप्पल होती. बरणीत यातले काहीच नव्हते. पण बरणीत रात्रीची धाव नव्हती, फट नव्हती, त्याच्या जातीचे दुसरे कोणी नव्हते. ज्या कारणासाठी आपण त्याला ठेवले होते ते कारण संपले होते. पाय आले होते. यापुढे ठेवला असता तर तो आपल्या हौसेसाठी.

दादींनी त्याला मांडीजवळ बसवले. "तुझ्या अब्बांचं घड्याळ मोडलं तेव्हा दुरुस्तीला दिलं होतं ना? दुकानदारानं दुरुस्त करून स्वतःच्या मनगटावर बांधलं असतं तर?"

"पण तो घड्याळ नाही," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच तर," दादी म्हणाल्या. "अमानत आहे. परत द्यायची असते."

रविवारी मगरिबनंतर अंधार पडताना बरणी परसदारी नेली. शिकारी कोळी घराच्या आसपास राहणारा, म्हणून लांब जंगलात नेला नाही. जळणाच्या ढिगाऱ्याशेजारी दगडी भिंत आहे, तिला पुष्कळ फटी आहेत. गल्लीतली मुलेही आली होती. धाकट्याने स्वतः मलमल सोडली आणि बरणी आडवी केली. पाहुणा काही वेळ तोंडाशी थांबला. मग एकदम भिंतीवर गेला, आठ पायांवर, आणि एका फटीत शिरला. टोकाचा एक पाय थोडा वेळ बाहेर दिसत होता. तोही आत गेला.

धाकट्याने त्या रात्री नीट जेवण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वाळलेली कात काड्यापेटीत कापूस घालून ठेवली आणि शाळेत नेली. सहा पायांची ती कात अजून त्याच्या टेबलावर आहे. बरणी घासून धुतली, पण दादींनी तिच्यात शेवया भरू दिल्या नाहीत. आता तिच्यात खिळे आणि स्क्रू आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, कोळी पाळा असे सुचवण्यासाठी हे लिहिलेले नाही. धडधाकट कोळी त्याच्या फटीतच बरा. जाळी-जळमटे काढलीच पाहिजेत, घराची स्वच्छता आपल्यावर आहेच. एवढेच सांगायचे आहे की घरात मुले असतील तर आपल्या हातून होणाऱ्या चुका त्यांना दिसतात, आणि चुकीनंतर आपण काय करतो तेही दिसते. त्या दिवशी चप्पल उचलली असती तर पेटीमागची गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. मुलगाही एक गोष्ट शिकला असता: आपल्यामुळे कोणाला इजा झाली, तर त्यालाच नजरेआड करायचे.

यंदाही थंडी पडली, रजया काढायची वेळ आली. आम्ही पेटीच्या कड्या धरल्या तेव्हा धाकट्याने हात वर करून थांबवले. त्याने बॅटरी लावून मागची फट पाहिली, भिंतीवर बोटांनी तीनदा टकटक केले आणि थोडे थांबला.

"हं," तो म्हणाला. "आता ओढा."